दोन विहिणी, अडीच खोल्या

निलंग्याहून सकाळी सातला सुटणाऱ्या लातूर गाडीत नागाबाई खिडकीची जागा धरून बसल्या होत्या. कंडक्टर ओळखीचा. तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवत त्यानं विचारलं, "मावशी, दवाखाना का?" बासष्ट वर्षांची बाई एकटीच लातूरला निघाली म्हणजे डोळे, गुडघे नाहीतर शुगर, एवढंच त्याच्या डोक्यात यायचं.

"न्हाई बापा. घर बघाया चालले."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. भाड्यानं घ्यायचंय."

कंडक्टरनं अर्ध्या तिकिटाचा कागद फाडून हातात दिला आणि पुढच्या सीटकडं जाता जाता एकदा मागं वळून बघितलं. त्याचं ते बघणं नागाबाईंना फार आवडलं. औसा येईपर्यंत त्या अधूनमधून स्वतःशीच हसत होत्या. पहाटे उठून डोक्यावरून पाणी घेतलं होतं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि थोरली सून राजकन्या हिनं भरून दिलेल्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक मोजायचा टेप होता. टेप घ्यायला धाकट्या मुलानं, दयानंदनं, पुण्याहून फोन करून सांगितलं होतं. घरमालक तोंडानं सांगतो त्यावर जाऊ नको, खोल्या मोजून घे, असं त्यानं दोनदा बजावलं होतं.

घर निवडायला चाललेल्या नागाबाईंनी आजवर एकही घर निवडलेलं नव्हतं. जन्मल्या ते वडलांचं घर होतं. सोळाव्या वर्षी व्यंकटीशी लग्न लागलं आणि निलंग्याजवळच्या त्याच्या गावात, चौदा माणसांच्या घरात त्या आल्या. तिथं पोत्यांची थप्पी, दाण्याच्या कोठ्या, जावा, दीर, पाहुणे, सगळं एकाच लांबलचक ओसरीवर चालायचं. रात्री जिथं जागा उरेल तिथं अंथरूण टाकायचं, एवढंच ठाऊक. व्यंकटी गेले त्याला आठ वर्षं झाली होती. थोरला बजरंग शेती चांगली बघत होता, राजकन्या जीव लावणारी होती. कशाची उणीव नव्हती. तरीही नागाबाई लातूरला निघाल्या होत्या, त्याचं कारण नांदेडला राहणारी एक बाई होती.

तिचं नाव सिंधुबाई. नागाबाईंची विहीण. दयानंद पुण्यात कंपनीत लागल्यावर त्याचं लग्न नांदेडच्या पुनमशी झालं, त्या पुनमची ही आई. सिंधुबाईंचे मालक रेल्वेत फिटर होते. ते वारल्यावर पेन्शनवर ती बाई स्टेशनमागं एका खोलीत राहत होती. दयानंद आणि पुनमला सृष्टी झाली तेव्हा प्रश्न पडला, की नवरा-बायको दोघं नोकरीवर, पोरीकडं बघायचं कुणी. पुण्यातलं घर एका बेडरूमचं. तिथं एका वेळी एकच आजी मावायची. मग ठरलं, तीन महिने एकीनं राहायचं, तीन महिने दुसरीनं. जाणारी आणि येणारी यांची गाठ दोन दिवस पडायची, तेवढ्यात पोरीच्या खाण्यापिण्याचं, औषधाचं एकमेकींना सांगून घ्यायचं.

सुरुवातीला हे दोन दिवस अवघड जायचे. नागाबाई वरमाय, सिंधुबाई मुलीकडच्या. सिंधुबाई खुर्चीवर बसायच्या नाहीत, आधी जेवायच्या नाहीत, आणि काही विचारलं तरी एकच उत्तर द्यायच्या, "तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई." पण गॅलरीत बसून मटार सोलता सोलता दुपारी लांबतात, आणि दुपारी लांबल्या की बोलणं होतं. नागाबाई गावातल्या भानगडी रंगवून सांगायच्या. सिंधुबाई मॅट्रिक झालेल्या. त्या पेपर मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि मधेच एखाद्या बातमीवर असं काही हळूच बोलायच्या, की नागाबाईंना हसून ठसका लागायचा. पुढं पुढं ते दोन दिवस चार झाले. दयानंद हॉलमध्ये गादीवर झोपायला लागला, पण आयांना हलायला सांगायची त्याची छाती झाली नाही.

आठ वर्षं असं चाललं. मग सृष्टी तिसरीत गेली, शाळा संध्याकाळी साडेपाचपर्यंतची झाली, आणि पुनमनं दोघींना मोठ्या मायेनं सांगितलं, आता तुम्ही आराम करा.

आराम नागाबाईंना जमेना. गावात राजकन्या हातातलं काम काढून घ्यायची. रोज अकराला त्या सिंधुबाईंना फोन लावायच्या आणि कानाला फोन गरम होईपर्यंत बोलायच्या. एके दिवशी सिंधुबाई सांगत होत्या, की घरमालक खोली मोकळी करून मागतोय, आता दुसरी बघायला पाहिजे. नागाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "ईनबाई, आपुन दोघी मिळून लातुरात घर केलं तर?" गावाकडं विहिणीला ईनबाईच म्हणतात.

पलीकडं कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी व्हायच्या आत सिंधुबाईंनी विचारलं, "बघायला कधी यायचं?"

लातूर दोघींनाही बरं होतं. नागाबाईंच्या नावावर दोन एकर होते, तिकडं अधूनमधून चक्कर मारायची तर निलंग्याची गाडी तासाला मिळते. सिंधुबाईंना नांदेडला बहिणीकडं जायला गाडी होती. पुण्याची मंडळीही थेट रेल्वेनं येऊ शकत होती. पेन्शन आणि दोन एकरांचा वाटा मिळून भाडं भागत होतं.

पण ही बातमी घरात फुटल्यावर जो तो घराचा आकार ठरवायला लागला. बजरंग दोन दिवस गप्प होता. लोक म्हणतील पोरानं आईला बाहेर काढलं, ही त्याला धास्ती. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, घ्यायचंच तर मोठं घे, म्हणजे मला येऊन राहता येईल. दयानंद म्हणाला टू बीएचके, त्याखाली बघूच नको. नागाबाईंच्या जाऊबाईंना आपली नात अकरावीला लातूरच्या क्लासला घालायची होती. त्यांनी तर आतली खोली नातीसाठी धरूनच टाकली. मग कुणाची भाची, कुणाची मेहुणी असं करता करता आठ दिवसांत घर तीन बेडरूमचं झालं होतं, आणि अजून एकही घर कुणी डोळ्यानं बघितलं नव्हतं.

लातूरच्या बसस्टँडवर सिंधुबाई आधीच येऊन उभ्या होत्या. नांदेडहून पहाटेची गाडी धरली होती त्यांनी. फिक्या निळ्या साडीवर पर्स, पायात नव्या चपला. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि शाळेची सहल निघाल्यासारख्या दोघी उगाचच हसल्या. राजकन्याच्या माहेरचा मन्मथ ऑटो घेऊन आला होता. हा चाळिशीचा माणूस ऑटो चालवता चालवता विद्यार्थ्यांना खोल्या दाखवायचा. लातुरात कुठल्या गल्लीत कुठली खोली कधी रिकामी होणार, हे त्याला तोंडपाठ होतं.

पहिली जागा त्यानं सवयीनं क्लासच्या भागातलीच दाखवली. एक खोली, तिच्यात प्लायवूडचा आडोसा घालून स्वयंपाकघर केलेलं. भिंतीवर मागच्या पोरांनी रसायनशास्त्राची सूत्रं लिहून ठेवली होती. मालकीणबाईंनी मान वर न करता विचारलं, कोणत्या क्लासला ॲडमिशन आहे. मन्मथनं सांगितलं, या दोघीच राहणार, एकमेकींच्या विहिणी आहेत. मालकीणबाईंनी तेव्हा मान वर केली. दोघींना नीट निरखून त्या म्हणाल्या, "भांडण झालं तर मी मधे पडणार नाही, आधीच सांगते." ऑटोत बसल्यावर सिंधुबाईंनी तिचा आवाज काढून तेच वाक्य म्हणून दाखवलं, आणि मन्मथसुद्धा हसला.

दुसरी जागा नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. एक बेडरूम, एक हॉल, एक किचन. फरशी अशी चकचकीत, की नागाबाईंनी चप्पल जिन्यातच काढली. त्यांनी टेप काढला. एक टोक मन्मथला धरायला दिलं. दहा बाय अकरा भरली बेडरूम. सिंधुबाई लगेच म्हणाल्या, "ही तुमची. मला बाहेर चालतं." आणि त्या किचनमध्ये गेल्या. नागाबाई मागोमाग गेल्या तर सिंधुबाई ओट्याकडं बघत नव्हत्या, नळ सोडून बघत नव्हत्या. ओटा आणि दार यांच्यामधली खालची जागा बघत होत्या, आणि ओठ हलवून पावलं मोजत होत्या. तिथं गादी मावते का, हे त्या बघत होत्या.

नागाबाईंनी टेप गुंडाळला आणि मन्मथला म्हणाल्या, पुढचं दाखव.

पुढचं म्हणजे दयानंदच्या आवडीचं होतं. त्यानं मोबाईलवर जाहिरात बघून पाठवलेलं तीन बेडरूमचं घर. दार उघडलं आणि नागाबाई आत शिरल्या. हॉल एवढा, की त्यात मळणी घालता आली असती. त्या पोरीसारख्या या खोलीतून त्या खोलीत फिरल्या. कपाटं उघडून बघितली, न्हाणीघरं मोजली, तीन निघाली. शेवटच्या खोलीच्या खिडकीत उभं राहून त्यांनी हाक मारली, ईनबाई, इकडं या, इथून बाभळगावाकडचा रस्ता दिसतो. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली. मग त्या बाहेर आल्या तर सिंधुबाई हॉलमध्ये उभ्या, त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं.

एवढ्या घरात आपण दोघी एकमेकींना सापडणार कशा, हा विचार नागाबाईंना पहिल्यांदा तिथं शिवला. पाठोपाठ झाडू-फरशी डोळ्यांपुढं आली. आणि पाठोपाठ जाऊबाईंची नात, कुणाची भाची, कुणाची मेहुणी, सगळ्या बॅगा घेऊन दारात उभ्या दिसल्या.

"तुम्हाला कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई."

एक वाजला होता. रस्त्याकडेच्या रसवंतीत बसून तिघांनी रस घेतला. मन्मथ ऑटो पुसायला गेला. नागाबाई सकाळपासून वाऱ्यावर तरंगल्यासारख्या होत्या, पण आता त्यांच्या कपाळावर आठी आली होती. ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ईनबाई, मला एकटीला घर निवडायचं असतं तर तुम्हाला नांदेडाहून कशाला बोलावलं असतं? तुम्हाला काय पाहिजे ते तोंडानं बोला. न्हाईतर मी निलंग्याच्या गाडीत बसते."

सिंधुबाई ग्लासातला बर्फ हलवत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं, त्याची नागाबाईंना मुळीच कल्पना नव्हती. अकरा वर्षांपूर्वीच्या लग्नात नागाबाई रुसल्या होत्या. नणंदेला मानाची साडी हलकी दिली म्हणून विहिणींच्या पंगतीत त्या ताटावरून उठल्या होत्या. अर्ध्या तासात कुणीतरी समजूत घातली, त्या पुन्हा जेवल्या, आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेल्या. सिंधुबाई मात्र ते विसरल्या नव्हत्या. पुनमच्या पाठवणीचं सामान बांधताना त्यांनी तिला शब्द दिला होता, की माझ्यामुळं तुझ्या सासरी कधी एक शब्द वाढणार नाही. तो शब्द त्या अजून पाळत होत्या.

ती साडी कसल्या रंगाची होती, हेसुद्धा नागाबाईंना आठवत नव्हतं. त्यांनी सिंधुबाईंच्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला आणि स्वतः उठून दुसरा रस भरून आणून दिला. मग म्हणाल्या, "तवा मी येडी होते. आता तुम्ही भांडा माझ्यासंगं. पण सगळ्याला हो म्हणत हाव हाव करू नका."

सिंधुबाईंनी रस पूर्ण संपवला.

चौथं घर मन्मथच्या यादीत नव्हतंच. रसवंतीवाल्यानं यांचं बोलणं ऐकलं होतं. तो म्हणाला, मागच्या गल्लीत हणमंतराव म्हणून आहेत, डाळ मिलमध्ये दिवाणजी होते. त्यांचा वरचा मजला मोकळा आहे, पण ते पोरांना देत नाहीत. तिघं चालतच गेले.

हणमंतराव बनियनवर झाडांना पाणी घालत होते. त्यांनी काही न विचारता किल्ली काढली, तेव्हा मन्मथनंच सांगितलं, या दोघी विहिणी, हिरव्या लुगड्यातल्या मुलाकडच्या. जिना बाहेरून होता, कठड्याला हात लावून चढता येण्यासारखा. वर गेल्यावर आधी एक चिंचोळी जागा लागली. तिला हॉल म्हणणं जिवावर यावं, खोली म्हणणंही बरं नव्हे. चार खुर्च्या मावतील, पाचवीला दार अडेल. तिच्यामागं स्वयंपाकघर. आणि दोन बाजूंना दोन खोल्या, एक चांगली ऐसपैस, दोन खिडक्यांची, आणि एक लहान, जिला रस्त्यावर उघडणारी गॅलरी होती. दयानंदच्या भाषेत हे घर कशातच बसत नव्हतं.

नागाबाईंनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. नळ आठ दिवसांनी येतो, पण बोअरला उन्हाळ्यातही पाणी असतं, आणि वरच्यांची टाकी वेगळी आहे, असं हणमंतरावांनी सांगितलं. मग ते पुढं झाले आणि मोठ्या खोलीचं दार उघडून नागाबाईंना म्हणाले, "या ताई, ही तुमची खोली. तुम्ही मुलाकडच्या ना? यांना ती बारकी पुरेल."

नागाबाई उंबऱ्यातच थांबल्या, कारण सिंधुबाई त्यांच्या कडेनं आत गेल्या होत्या. त्या भिंतीकडं गेल्या नाहीत, खिडकीकडं गेल्या नाहीत. खोलीच्या अगदी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, ही खोली मला पाहिजे."

आवाज नेहमीसारखाच हळू होता.

खरं सांगायचं तर नागाबाईंना एक क्षण टोचलं. बोला म्हणून आपणच सांगितलं, ते खरं. पण बोलणं वेगळं आणि मोठी खोलीच मागणं वेगळं. आतली वरमाय एकदम ताठ झाली. त्यांनी विचारलं, थोडं कोरडंच, "एवढ्या मोठ्या खोलीत काय करणार तुम्ही?"

"काही नाही," सिंधुबाई म्हणाल्या. "मधोमध खाट टाकणार. चारी बाजूंनी मोकळी."

आणि मग, जणू इतकं बोलल्यावर आता थांबण्यात अर्थ नाही, अशा त्या बोलत गेल्या. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. सासू, दीर, मालक, दोन मुली. एकतीस वर्षं त्या स्वयंपाकघरात झोपल्या. डोक्याशी मोरी, पायाशी सिलिंडर, एका कुशीला भिंत, दुसऱ्या कुशीला भांड्यांची मांडणी. मालक गेल्यावर एक खोली घेतली, तिच्यातही कॉट कोपऱ्यातच बसली. इस्पितळात पुनमच्या वेळी त्यांना एकदा मधली खाट मिळाली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी उतरता यायचं. ते त्यांना आजवर आठवत होतं. "कोणत्याही बाजूनं उठता यावं, एवढंच," त्या म्हणाल्या आणि मग मात्र एकदम लाजल्या.

नागाबाईंना आधी वाटलं, आता रडू येणार, पण निघालं हसू. मोठ्ठं, ओसरीवरचं हसू. त्या हसता हसता आत आल्या, टेप काढला, आणि खोलीच्या मधोमध सिंधुबाईंना उभं करून चारी बाजू मोजायला लागल्या. सहा बाय तीनची खाट टाकली तर चारी अंगांनी किती जागा उरते, ते मन्मथ बोटांवर मोजून सांगत होता. हणमंतराव दारात उभे राहून डोकं खाजवत होते. त्यांनी एकदा सुचवून बघितलं, की खाट भिंतीला लावली तर खोली मोठी दिसते. दोघी एकदमच "नको" म्हणाल्या.

मग नागाबाई आपल्या खोलीत गेल्या. बारकीच होती. दोन्ही हात पसरले तर भिंतींना बोटं लागायला हातभरच कमी. आवडली का, हे त्यांना तिथल्या तिथं सांगता आलं नाही. गॅलरीचं दार उघडलं तेव्हा खाली रस्ता होता, हातगाडीवर कुणी सीताफळं विकत होतं, समोरच्या घरी एक बाई मिरच्या वाळवत होती. तिनं वर बघून विचारलं, नवीन का? नागाबाई म्हणाल्या, हाव. घर तिथंच ठरलं.

संध्याकाळच्या गाडीत बसण्याआधी त्यांनी दयानंदला फोन केला. तो विचारत होता, टू बीएचके आहे की वन. नागाबाई म्हणाल्या, अडीच खोल्या हायत. दयानंद म्हणाला, असं काही नसतं आई. त्या म्हणाल्या, लातुरात असतंय.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सामान आलं. निलंग्याहून बजरंगनं छोटा टेम्पो करून दिला, नांदेडहून सिंधुबाईंचं सामान ट्रॅव्हल्सच्या टपावरून आलं. खाट नवी घेतली, आणि ती मधोमध लावताना मन्मथनं टेप धरला. पहिल्या सकाळी सिंधुबाई एका बाजूनं उठल्या, चहा ठेवून आल्या, परत आडव्या झाल्या आणि दुसऱ्या बाजूनं उठल्या. नागाबाईंनी हे दारातून बघितलं होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

सगळंच सुरळीत झालं असंही नाही. नागाबाईंची लोखंडी ट्रंक त्यांच्या खोलीत मावेना. ती आली तर दार लागेना, दार लावलं तर गॅलरी उघडेना. शेवटी ट्रंक सिंधुबाईंच्या खाटेखाली गेली. आता लुगडं काढायचं झालं की नागाबाईंना तिकडं जावं लागायचं, आणि दार लोटलेलं असलं तर त्या बाहेरून विचारायच्या, येऊ का. बासष्ट वर्षांत त्यांनी कुणाच्या दारावर थाप मारली नव्हती, त्यांच्याही दारावर कुणी मारली नव्हती, कारण दारच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या दारावर थाप पडली तेव्हा त्या अंथरुणात उठून बसल्या आणि आधी पदर सारखा केला. सिंधुबाई होत्या, पेपर वाचायला बोलावत होत्या. नागाबाईंना तो आनंद दिवसभर पुरला.

जाऊबाईंच्या नातीचा प्रश्न घरानंच सोडवला. जाऊबाई स्वतः बघायला आल्या, त्या चिंचोळ्या जागेत खुर्चीवर बसल्या, चहा प्याल्या, इकडून तिकडं मान फिरवली. पोरीला कुठं बसवणार, त्यांनाच दिसेना. हॉस्टेल बरं, असं त्या आपणहून म्हणाल्या. जाताना मात्र त्यांनी खाटेला दोन फेऱ्या मारल्या.

तिसऱ्या रविवारी बजरंग ज्वारीचं पोतं आणि पाच किलो तूरडाळ घेऊन आला. पोतं जिन्यातून वर आणल्यावर ठेवायचं कुठं, हे कळेना. नागाबाई म्हणाल्या, अर्धं माघारी ने, इथं दोन माणसं खातात. बजरंग खुर्चीवर बसला. तो अजून थोडा बिचकतच होता. सिंधुबाईंनी त्याला पोहे दिले आणि समोर खुर्चीवर बसूनच स्वतःही खाल्ले. बजरंगनं ते बघितलं. मग त्यानं आईला विचारलं, "करमतंय का तुला?"

नागाबाई उत्तर द्यायच्या आतच खालून मन्मथचा हॉर्न वाजला. दोघींना गंजगोलाईच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला जायचं होतं. चार खिडक्या आणि गॅलरीचं दार. रंगावरून तीन दिवस वाद चालला होता. सिंधुबाई पिवळ्यावर अडून बसल्या होत्या आणि नागाबाईंना पोपटी पाहिजे होता. घरभर एकच रंग असावा, की ज्याच्या त्याच्या खोलीत ज्याचा त्याचा, हेही ठरत नव्हतं. त्या चिंचोळ्या जागेला तर अजून कुणाचाच रंग मिळाला नव्हता.

"चल तूबी," नागाबाई चपला घालत बजरंगला म्हणाल्या. "तिथं कुणीतरी मधे लागंल."

ऑटोत मागं दोघी बसल्या, बजरंगला पुढं मन्मथशेजारी दाटीनं बसावं लागलं. गल्ली संपायच्या आतच मागून पिवळ्याचं आणि पोपटीचं सुरू झालं. मन्मथनं आरशातून मागं बघितलं आणि बजरंगला हळूच विचारलं, गावाकडं पण असंच बोलतात का या. बजरंग म्हणाला, गावाकडं आई एवढं बोलत नव्हती. मग त्यानं मान वळवून विचारलं, निळा का नको. मागं दोघी एकमेकींचा हात धरून त्याला हसायला लागल्या.